नाव वरच्या काडीचे, कमाई खालच्या मुळाची
द्राक्षवेलीचा खुंट फळावर कसा परिणाम करतो आणि फळाच्या व्यापाऱ्याने तो का विचारावा

फळाचा धंदा करणारे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बहुतेक बांधव आंबा आणि काजूच्या हंगामाकडे डोळे लावून असतात. परंतु हापूस बाजारात भरपूर उतरण्यापूर्वी, जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, लहान फळविक्रेत्याची हातगाडी चालते ती बरीचशी द्राक्षांवर. हे द्राक्ष आपल्या मातीत पिकत नाही. आपल्याकडचा धो धो पाऊस आणि दमट हवा द्राक्षवेलीला मानवत नाही. केवडा व करप्यासारखे रोग तिला उभी राहू देत नाहीत. म्हणून तासगाव, मिरज, सोलापूर या बाजूचा माल फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट उतरून कणकवली, ओरोस, कुडाळ, मालवण, सावंतवाडीच्या बाजारात येतो.

या धंद्यातील एक अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन पेट्यांवर नाव एकच असते, आडतीवरचा दरही जवळपास तोच असतो. पण एका पेटीतील मणी टपोरे, कडक आणि गोड निघतात. दुसऱ्या पेटीतील मणी बारीक, फिक्या चवीचे असतात. आपण म्हणतो, "माल हलका लागला," आणि गप्प बसतो. माल हलका लागण्याची कारणे अनेक असतात. छाटणी, पाणी, औषधे, तोडणीची घाई, वाहतूक या सर्वांचा त्यात वाटा असतो. मात्र एक कारण जमिनीखाली असते आणि त्याची विचारपूस व्यापारी क्वचितच करतो. ते कारण म्हणजे वेलीचा खुंट. या लेखात आम्ही त्याचीच माहिती देणार आहोत. आंबा-काजूची कलमे बांधणाऱ्या व विकणाऱ्या आपल्या बांधवांनाही ती उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

खुंट म्हणजे काय?

पूर्वी द्राक्षाची लागवड सोपी होती. चांगल्या वेलीची काडी कापायची, जमिनीत रोवायची, तिलाच मुळे फुटत. वर थॉमसन, खाली मूळही थॉमसनचेच. आज पद्धत बदलली आहे. प्रथम एखाद्या रानटी जातीची, मुळे फुटलेली रोपे फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत लावतात. शेतकरी त्यांना सरळ 'जंगली' असेच म्हणतात. पावसाळ्यात त्यांची काडी पेन्सिलीएवढी जाड झाली, की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जमिनीपासून फूट-दीड फुटावर ती कापून तिला उभी चीर देतात. मग थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस अशा हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. याला पाचर कलम म्हणतात. खालचा भाग तो खुंट, वरची ती कलमकाडी.

खुंट फळाची जात बदलत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. जंगली मुळावर थॉमसन बांधला तर फळ थॉमसनचेच येते. पण त्या फळाला पाणी किती मिळणार, खत किती मिळणार, जमिनीतील खार वर चढणार की नाही, वेल किती माजणार आणि घड किती सुटणार, या साऱ्या गोष्टींत खालच्या मुळाचा मोठा हात असतो. दुकानाची पाटी मालकाच्या नावाची असते, पण माल पुरवणारा दुसराच असतो. पुरवठा बिघडला तर पाटी काही कामाची नाही.

महाराष्ट्रात खुंट का आला?

युरोपात खुंटाचा मार्ग धरावा लागला तो एका किडीमुळे. सन १८६० नंतर अमेरिकेतून आलेली फायलोक्झेरा ही मुळे शोषणारी बारीक कीड फ्रान्समध्ये पसरली आणि तेथील द्राक्षबागा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. अमेरिकेतील रानटी वेलींची मुळे मात्र या किडीला पुरून उरत होती. त्या मुळांवर युरोपातील गोड जाती बांधल्या गेल्या, तेव्हा तेथील द्राक्षशेती वाचली.

महाराष्ट्रातील बागाईतदाराला खुंटाकडे वळवले ते पाण्याने. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत द्राक्षाखालील क्षेत्र वाढले तशा विहिरी आटू लागल्या. बोअरचे पाणी आले, पण ते पुष्कळ ठिकाणी खारे निघाले. भारी काळ्या जमिनींत खार साठत गेले. स्वतःच्या मुळावर उभी असलेली थॉमसनची वेल हा ताण सोसू शकत नव्हती. पानांच्या कडा करपत, काड्या वाळत, पंधरा वर्षे चालायची बाग निम्म्यात थकू लागली. तेव्हा १९९० च्या दशकात 'डॉगरिज' नावाचा खुंट झपाट्याने पसरला. हा मूळचा अमेरिकेतील टेक्सासकडचा. पाण्याची टंचाई, खारी जमीन आणि मुळांवरील सूत्रकृमी यांना तो तोंड देतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले आणि निरनिराळ्या खुंटांची पद्धतशीर तुलना तेथे होऊ लागली.

डॉगरिजने अनेक बागा वाचवल्या, यात शंका नाही. परंतु त्यातून एक गैरसमजही पसरला. जो खुंट सर्वांत जोमदार तो सर्वांत चांगला, असे मानून जमीन व पाणी न तपासता सर्वत्र एकच खुंट लावला गेला. त्याचे परिणाम पुढे दिसू लागले.

जोम आणि फळ यांचा हिशेब

द्राक्षाच्या बागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराची ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची ती फळछाटणी. बाहेरच्या माणसाला वाटते, की ऑक्टोबरनंतर घड येतात म्हणजे तेव्हाच तयार होत असतील. वस्तुस्थिती तशी नाही. खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत काडीवरील डोळ्यात अगदी सूक्ष्म स्वरूपात घड घडत असतो. त्या दिवसांत डोळ्यावर भरपूर ऊन पडले पाहिजे आणि काडीत अन्नाचा साठा झाला पाहिजे.

आता भारी जमीन, भरपूर पाणी, भरपूर खत आणि त्यात डॉगरिजसारखे जोरकस मूळ एकत्र आले, की वेल नुसती वाढत सुटते. शेंड्यामागून शेंडे निघतात, मांडवावर पानांची दाटी होते, आतल्या डोळ्यांवर सावली पडते. सावलीतल्या डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे तणाव, तयार होते. ऑक्टोबरमध्ये छाटणी केल्यावर पाने फुटतात, घड मात्र तुरळक निघतात. मांडव हिरवागार दिसतो आणि मालकाचा खिसा रिकामा राहतो.

जे घड येतात त्यांच्याही दर्जावर दाटीचा परिणाम होतो. सावलीत साखर उतरण्यास वेळ लागतो, काळ्या जातींना एकसारखा रंग चढत नाही, हवा खेळत नाही म्हणून भुरी व केवड्याची औषधे जास्त फवारावी लागतात. वेलीचे अन्न शेंड्याकडे ओढले गेले, की मण्याच्या वाट्याला कमी येते.

याच्या उलट टोकाची अवस्थाही वाईटच. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि तुटपुंज्या पाण्यावर दुर्बळ मूळ असेल तर पाने पुरेशी येत नाहीत. एक घड नीट पोसायला साधारण बारा ते पंधरा निरोगी पाने लागतात. ती नसतील तर मणी बारीक राहतो, उन्हाने डागाळतो, गोडी धरत नाही. निर्यातीसाठी मणी साधारण १६ मिलिमीटरच्या वर असावा लागतो. तो तेथपर्यंत पोहोचला नाही, तर माल स्थानिक बाजारात पडेल त्या दराने जातो. म्हणजे नेमका हवा तो समतोल. जमीन भारी असेल तर मूळ आवरते हवे. जमीन हलकी असेल तर मूळ जोरकस हवे.

खाराचा प्रश्न

दुसरा मुद्दा खाराचा. मूळ हे वेलीच्या दारावरचा पहारेकरी आहे. काय आत सोडायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे बऱ्याच अंशी तेच ठरवते. सोडियम आणि क्लोराइड हे खार पानात साठले, की पान कडेने करपते. करपलेले पान साखर तयार करू शकत नाही. शिवाय सोडियम वाढले की पालाश, म्हणजे पोटॅश, वेलीला कमी मिळते. मण्याचा आकार आणि गोडी यांसाठी पालाश फार महत्त्वाचे असते.

येथेही सर्व खुंट सारखे नाहीत. डॉगरिज खाऱ्या जमिनीत तग धरतो हे खरे. पण वर्षानुवर्षे सोडियमयुक्त पाणी दिलेल्या बागांत डॉगरिजवरील वेलींच्या पानांत सोडियम साठून पाने करपल्याचे आढळले. अशा ठिकाणी '११०-आर' हा खुंट सरस ठरू लागला. तो पाण्याचा ताण सोसतो, वेलीला बेताचा जोम देतो, आणि पुणे भागातील प्रयोगांत त्याच्यावरील थॉमसनच्या वेलींनी फळधारणेतही चांगली कामगिरी केली. मात्र पाणी साचून राहणारी जमीन त्याला मानवत नाही. '११०३ पॉलसन' आणि '१४० रुगेरी' हे सिसिली बेटावर तयार झालेले खुंटही आपल्याकडे तपासले गेले आहेत. पहिला खार व दुष्काळ दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. दुसरा चुनखडीच्या व कोरड्या जमिनीसाठी ओळखला जातो. सर्व जमिनींना चालेल असा एकही खुंट नाही. म्हणून आधी माती व पाण्याची तपासणी, मग खुंटाची निवड, हाच क्रम योग्य आहे.

चुकीची निवड किती महाग पडते, याचा हिशेब सोपा आहे. नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लागवड केली तर एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वरची जात आवडली नाही तर खुंट ठेवून दुसरी जात बांधता येते. पण खालचा खुंटच चुकला तर सगळी बाग उपटण्यावाचून गत्यंतर नसते. मांडव, ठिबक आणि दोन वर्षांची मेहनत त्याबरोबर वाया जाते.

मुळाचा दोष, व्यापाऱ्याचा तोटा

हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, आपला काय संबंध, असे काही व्यापारी बांधव म्हणतील. त्यांनी २०१० सालचा हंगाम आठवावा. बागाईतदारांच्या सहकारी सोसायट्यांनी १९९१ साली 'महाग्रेप्स' उभारल्यापासून महाराष्ट्राचे द्राक्ष युरोपात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले होते. त्या २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश युरोपातील मर्यादेपेक्षा जास्त आढळला. माल अडकला, दर कोसळले, निर्यातदार व बागाईतदार दोघांचेही मोठे नुकसान झाले.

हे रसायन बागेत कशासाठी वापरले जात होते? वेलीचा अवाजवी जोम आवरण्यासाठी. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणत. खालून मूळ वेलीला ढकलते आहे आणि वरून माणूस औषध मारून तिला थांबवतो आहे, असा तो प्रकार. सगळाच दोष खुंटाचा होता, असे आमचे म्हणणे नाही. जादा पाणी, जादा नत्र हीही कारणे होती. परंतु जमिनीला शोभेल असा बेताच्या जोमाचा खुंट असता, तर औषधाची गरज पुष्कळ कमी पडली असती. मुळाची निवड लागवडीच्या दिवशी होते, तिचा परिणाम पुढे कित्येक वर्षांनी परदेशातील बंदरात व्यापाऱ्याच्या बिलावर दिसतो.

आपला आंबा, आपला काजू

आता आपल्या घरच्या धंद्याकडे वळू. सिंधुदुर्गात द्राक्ष नसले तरी कलमाची विद्या आपल्याला नवी नाही. पोर्तुगीज काळापासून कोकण-गोव्यात आंब्याची कलमे बांधली जात आली आहेत. पूर्वीचे भेट कलम मागे पडून आता कोय कलम सर्रास झाले आहे. पावसाळ्यात कोय रुजवून, तांबूस कोवळ्या पानांच्या आठ-पंधरा दिवसांच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. सन १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागले, तेव्हा कलमांची मागणी प्रचंड वाढली आणि अनेक हातांना काम मिळाले.

पण येथे एक फरक आहे. द्राक्षाचा खुंट काडीपासून होतो, म्हणून सर्व खुंट एकसारखे असतात. आंब्याचा खुंट कोयीपासून होतो. आपल्या रायवळ आंब्याच्या कोयीतून येणारे प्रत्येक रोप बहुधा वेगळ्या गुणाचे असते. म्हणूनच एकाच झाडाच्या काड्या बांधलेली, एकाच दिवशी लावलेली कलमे पुढे लहान-मोठी होतात. दक्षिणेकडील काही आंब्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे येतात आणि ती मातृवृक्षासारखीच असतात. त्यांपैकी वेल्लैकोलंबन या जातीच्या खुंटावर हापूस बांधला असता झाड ठेंगणे राहते, असे बंगळूरकडील संशोधनात दिसून आले आहे. ठेंगण्या झाडाचे फळ हाताने तोडता येते, देठासह उतरते, मार लागत नाही. व्यापाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

काजूचेही तसेच. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करीत आहे आणि तेथील वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींनी जिल्ह्याचा काजू बदलला. पण वेंगुर्ला-७ ची काडी कितीही अस्सल असली, तरी खालचे रोप रोगट किंवा पिशवीत मुळे गुंडाळलेले असेल, तर कातळाच्या जमिनीत ते पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. जाणते कारागीर खुंटासाठी मध्यम आकाराचे, पाण्यात बुडणारे बीच निवडतात. तरंगणारे टाकून देतात. कातळावर तर खड्ड्यातच कोय किंवा बी रुजवून जागेवर कलम बांधणे चांगले, कारण सोटमूळ सरळ खाली उतरते.

कलम घेताना व विकताना

आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने व कारागिराने पाळाव्यात.

१. द्राक्षाचा माल बागेवरून उचलणाऱ्याने जातीबरोबर खुंट, जमीन आणि पाणी कोणते हेही विचारावे. ज्या बागेचा माल चांगला लागला तिची नोंद वहीत ठेवावी. दोन-तीन हंगामांत कोणत्या भागातील कोणता माल आपल्याला परवडतो, ते कळून येईल.

२. नुसता हिरवागार मांडव पाहून उक्ता सौदा करू नये. घडांची संख्या, मण्याचा आकार आणि पानांच्या कडा पाहाव्यात. कडा करपलेल्या असतील तर खाराची शंका घ्यावी.

३. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोड मातीत गाडला गेला तर वरच्या काडीलाच मुळे फुटू शकतात आणि खुंटाचा फायदा निघून जातो.

४. जोडाच्या खालून आलेली फूट वेळीच काढावी. ती ठेवली तर वरची काडी मरते आणि हापूस म्हणून वाढवलेले झाड रायवळ निघते.

५. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आहे. परवाना लागतो, आणि खुंट व काडी कोठून आणली याची नोंद ठेवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. कलम घेताना ही नोंद मागावी, विकताना ती न मागता द्यावी. परवान्याबाबतची चौकशी सिंधुदुर्गनगरी येथील जिल्हा कृषी कार्यालयात करता येते.

दडलेला ऐब

कलमाच्या धंद्यात फसवणूक फार सोपी असते, कारण खुंट दिसत नाही. गिऱ्हाइकाला पाने दिसतात, पिशवी दिसते, नावाची चिठ्ठी दिसते. मुळाचा ऐब पाच-सात वर्षांनी उघडा पडतो, तोपर्यंत विकणारा विसरलेला असतो. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे धान्यवाल्याने सांगितले. तेव्हा भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे आपण (स.) विचारले, आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कलमाचा खुंट म्हणजे त्या ढिगातील आतला भागच होय. तो गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून विकणे, ही हलाल रोजीची अट आहे.

यात धंद्याचेही हित आहे. आपल्या जिल्ह्यात नवी रोपवाटिका काढू इच्छिणारे तरुण पुष्कळ आहेत. निवडलेल्या मातृवृक्षाच्या कोयी, बुडवून पारखलेले काजू-बी आणि प्रत्येक कलमावर काडीबरोबर खुंटाचीही चिठ्ठी, एवढ्यावर जो उभा राहील त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल आणि शेजाऱ्यालाही घेऊन येईल. येत्या पावसाळ्यासाठी कोयी गोळा करण्याचे काम मे महिन्यातच सुरू होते. कोणत्या झाडाची कोय घ्यायची, हे ज्याने त्याने आताच ठरवून ठेवावे.